सव्वा तासाचे पुणे

"बाबा, सव्वा तासाचा तर प्रवास आहे, त्यात एवढा विचार काय करायचा?" असे मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा मी अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेल्या तुरीला पाय लावून खालीवर करत होतो. तिने मोबाइलमध्ये दोन विमानतळांची नावे टाकली होती आणि उत्तर आले होते : नागपूर ते पुणे, हवाई अंतर ६०५ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १ तास १५ मिनिटे. माझी पत्नी दोन महिन्यांपासून नातवासाठी तिकडेच होती, आणि मी इकडे शेतीची आणि आईची सबब सांगून जाणे टाळत होतो. सव्वा तास हा आकडा ऐकल्यावर मात्र माझ्याकडे सबब उरली नाही. आमच्या गावाहून हिंगणघाटचा बाजार करून परत यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे कोणी अंतर सांगितले की ते पडताळून पाहण्याची खोड अजून गेलेली नाही. त्या रात्री मी जुनी वही काढली. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशाच्या आसपास आहे, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ आणि ७३.९२ वर. म्हणजे अक्षांशांत अडीच अंशांचा आणि रेखांशांत पाच अंशांहून थोडा जास्त फरक. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा असतो आणि ध्रुवांकडे जाताना आवळत जातो, आपल्या पट्ट्यात तो साडेएकशेचार किलोमीटरच्या जवळपास भरतो. गुणाकार केले की दक्षिणेकडे २७९ आणि पश्चिमेकडे ५३६ किलोमीटर येतात. या दोन बाजूंवर शाळेच्या पुस्तकातला पायथागोरस बसवला आणि वर्गमूळ काढले, तर उत्तर आले ६०४. मोबाइलच्या आणि माझ्या उत्तरात एका किलोमीटरचा फरक पडला, आणि तो पृथ्वी गोल असताना मी तिला सपाट धरल्याचा व दशांश चिन्हापुढचे आकडे सोडल्याचा होता. कागदावर जुळलेले गणित पाहून जे समाधान होते, ते सेवानिवृत्तीनंतर वाढते असा माझा अनुभव आहे.

वर्गात हे सगळे मी दोऱ्याने शिकवत असे. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी बोट ठेवायचे आणि दोघांमध्ये दोरा ताणून धरायचा. तो जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग. मुंबईहून न्यूयॉर्कला दोरा ताणला की तो भिंतीवरच्या नकाशाप्रमाणे सरळ पश्चिमेला न जाता नॉर्वे आणि आइसलँडच्या बाजूने वर चढतो, आणि मुलांचे डोळे मोठे होतात. नागपूर-पुण्यासाठी मात्र हा खेळ रंगत नसे, कारण आमच्या शाळेतल्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हे अंतर दीड सेंटिमीटरही भरत नाही. एका मुलाने तर विचारले होते की, गुरुजी, जमिनीतून सरळ भोसकले तर आणखी जवळ पडेल ना? मी त्याला शाबासकी दिली आणि घरी येऊन गणित केले. नागपूरहून पुण्यापर्यंत नाकासमोर सरळ बोगदा खणला तर मध्यावर तो जमिनीच्या पोटात सुमारे सात किलोमीटर खोल जाईल, आणि एवढा खटाटोप करून वाचतील ते जेमतेम सव्वादोनशे मीटर. उलट विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून त्याची वाट जमिनीवरच्या वाटेपेक्षा लांबते, पण तीही एखाद्या किलोमीटरनेच.

या आकड्यांमागे कोणाचे तरी पाय झिजलेले आहेत, आणि ते माझ्या गावापासून फार दूर नाहीत. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र डोंगरांवर, गोपुरांवर चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. पृथ्वीचा एक अंश नेमका किती लांब आहे, म्हणजेच पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हे त्याला हवे होते. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरला जात असताना वाटेत हिंगणघाटला तो वारला आणि तिथेच त्याला पुरले. त्याची कबर आमच्या तालुक्याच्या गावात आहे, हे तालुक्यातल्या कित्येकांच्या गावीही नसते. मी दरवर्षी सातवीची मुले घेऊन जात असे. हैदराबाद ते नागपूर हे अंतर आज विमान तासाभरात कापते; ज्याने ते इंचाइंचाने मोजण्याची सोय केली, त्याला मात्र ते पुरे करता आले नाही.

तर निघण्याचा दिवस फेब्रुवारीच्या अखेरचा होता. आईने, ती आता पंचाऐंशीच्या घरात आहे, आदल्या रात्री विचारले, "पुनं किती कोस हाये?" कोस म्हणजे ढोबळ मानाने दोन मैल धरून मी सांगितले, एकशेनव्वद. ती जरा वेळ गप्प राहिली. दहा-पंधरा कोसांपलीकडचे सगळे तिच्या लेखी सारखेच. "मंग शिदोरी दोन येळची घे," ती म्हणाली. मी तिला सव्वा तास समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि पहाटे उठून भाजीभाकरी, ठेचा आणि तीळाची चटणी असा दोन वेळचा डबा बांधून ठेवला.

मी त्या दिवशी प्रत्येक टप्प्याची वेळ तिकिटाच्या पाठीवर लिहीत गेलो. पुढे ती वहीत उतरवली, म्हणून इथे नेमकी सांगता येते.

घरून निघालो ११.२० ला. फाट्यावर एसटी ११.५५ ला आली. ती वेळेवरच होती, माझाच जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून मी लवकर जाऊन उभा राहिलो होतो. तिथे तिघांनी विचारले, "गुरुजी, कुठी चाल्ले?" पुण्याला, विमानाने, हे उत्तर तीनदा देताना मला थोडा संकोच वाटला आणि खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. चौदा किलोमीटरवरचे हिंगणघाट १२.३० ला आले. पंचवीस मिनिटांनी नागपूरची गाडी मिळाली. जाम, बुटीबोरी ही गावे करत पंचाहत्तर किलोमीटर पार करून वर्धा मार्गावर विमानतळाच्या वळणाशी उतरलो तेव्हा २.४० झाले होते. रिक्षाने दहा मिनिटांत दारात पोचलो. विमान ५.१० चे होते.

एवढ्या लवकर येण्याबद्दल मुलगी नंतर हसली, परंतु तिला हे समजावता येत नाही की खेड्यातल्या माणसाला दहा मिनिटे आधी पोचण्याची सोयच नसते. त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात, दोन तास आधी किंवा विमान गेल्यानंतर. हिंगणघाटची ही गाडी सोडली तर पुढची केव्हा, आणि ती बुटीबोरीला ट्रकांच्या रांगेत अडकली तर काय, हे गणित माझ्या हाती नव्हते. सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते, हे मुलीने चारदा बजावले होते. शहरातला माणूस या तासाच्या आधी अर्धा तास जोडतो. आपण त्याच्या आधी एक अख्खी एसटी जोडतो.

वाट पाहायला जागा मात्र छान होती. गार हवेत बसून आईचा डबा सोडला. शेजारच्या तरुणाने ठेच्याच्या वासाने मान वळवली, तेव्हा त्याला अर्धी भाकर दिली. तो आर्वीकडचा निघाला, पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत कामाला. सकाळी सातला घरून निघाल्याचे त्याने सांगितले. विमान उशिरा सुटणार असल्याची घोषणा झाली तेव्हा त्याने मान हलवली आणि मी दुसरी भाकर काढली. दोन वेळच्या शिदोरीचा आईचा अंदाज तिथेच निम्मा खरा ठरला.

बसल्याबसल्या मला माझ्या लहानपणीचे एक विमान आठवत होते. खळ्यावर गव्हाची राखण करताना मी वडिलांजवळ झोपत असे, आणि कधी कधी मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी घरघर ऐकू येई. "टपालाचे विमान," वडील म्हणत आणि कूस बदलत. ते काय होते, हे मला पुढे वाचनातून कळले. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री टपाल घेऊन विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, तिथे पोत्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या शहरी परतत. सुरुवातीला ती डाकोटा विमाने होती, त्यांत उतारूही असत. देशाच्या मधोमध असल्याचा नागपूरला झालेला इतका सरळ उपयोग मला दुसरा माहीत नाही. ही सेवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. आता आमच्या पऱ्हाटीच्या वावरातून वर पाहिले तर दिवसा पांढऱ्या रेघा दिसतात, एकमेकींना छेदून जाणाऱ्या, आणि त्या विमानांपैकी बहुतेक खाली उतरत नाहीत.

आमचे विमान दारापासून ५.३५ ला हलले आणि ५.४७ ला त्याची चाके जमिनीवरून उचलली गेली. वेळापत्रकात जो वेळ छापलेला असतो, तो उड्डाणाचा नसतोच. चाकांचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लावेपर्यंतचा असतो, आणि त्यात असे सरपटणे, रांगेत थांबणे सगळे धरलेले असते. संकेतस्थळावरचा सव्वा तास वेगळ्याच रीतीने निघतो. ६०५ किलोमीटरला ताशी ८०० च्या आसपासचा वेग लावायचा, की पाऊण तास येतो, आणि त्यात चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. हे गणित चुकीचे नाही, पण त्यात वारा कुठेच नाही. सोनेगावची धावपट्टी आग्नेय-वायव्य अशी आहे आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते. त्या दिवशी आम्ही आग्नेयेकडे उडालो, म्हणजे पुणे उजव्या हाताला टाकून, आणि मग बुटीबोरीच्या बाजूला मोठे वळण घेऊन वाटेला लागलो. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या हवेत वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना ते अंगावर येतात आणि येताना पाठीशी असतात. परतीच्या वेळी मी मुद्दाम मोजले : जाताना हवेत ५७ मिनिटे, येताना ५१.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, असेही आकाशात नेहमी होत नाही. अमरावतीचा बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये मुंबईच्या सेवेसाठी सुरू झाला. अमरावती-मुंबई हे हवाई अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आत आहे आणि नागपूर-मुंबई ६८० च्या आसपास. तरीही अमरावतीचे विमान पंख्यांचे, छोट्या धावपट्टीला साजेसे आणि तुलनेने धिमे असल्यामुळे ते नागपूरच्या जेटपेक्षा लवकर पोचत नाही. अमरावतीकरांना याचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये. त्यांचा नागपूरपर्यंतचा दीडशे किलोमीटरचा रस्ता वाचला, तो कोणत्याच उड्डाणवेळेत मोजलेला नव्हता.

खिडकी उजव्या बाजूची होती. सव्वासहाच्या सुमारास, म्हणजे आमच्या गावी गुरे गोठ्यात येऊन दिवे लागण्याची वेळ झाली तेव्हा, विमानाच्या पंखावर ऊन तसेच होते. भारतभर घड्याळ एक असले तरी सूर्य प्रत्येक गावाचा वेगळा असतो. नागपूर आणि पुणे यांच्या रेखांशांतल्या पाच अंशांमुळे पुण्याचा सूर्य सुमारे वीस मिनिटे मागे चालतो. शिवाय पृथ्वी आपल्या अक्षांशावर ताशी १,५७० किलोमीटरच्या आसपास वेगाने पूर्वेला फिरते आणि विमान त्याच्या जवळजवळ निम्म्या वेगाने पश्चिमेला पळते, म्हणून आत बसलेल्याला संध्याकाळ दुप्पट लांब मिळते. हे मी मुलांना वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून सांगितले होते. आता ते पंखाच्या कडेवर दिसत होते आणि सांगायला शेजारी कोणी नव्हते, आर्वीचा तरुण चार रांगा मागे झोपलेला होता.

६.४४ ला चाके लोहगावला टेकली. सामान आणि टॅक्सी मिळेपर्यंत ७.२० झाले. मुलगी हिंजवडीच्या बाजूला राहते, आणि ती संध्याकाळची वेळ होती. त्या सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांना एक तास पन्नास मिनिटे लागली. जावयांनी दार उघडले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात ९.१० झाले होते. नातू झोपला होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या मांडीवर असताना मी तिकिटाच्या पाठीवरची बेरीज केली. घरापासून घरापर्यंत ९ तास ५० मिनिटे, म्हणजे ५९० मिनिटे. त्यांपैकी ५७ मिनिटे हवेत, २६० मिनिटे रस्त्यावर, आणि २७३ मिनिटे कशाची ना कशाची वाट पाहण्यात. अंतर एकूण सातशे पंचवीस किलोमीटरच्या जवळ भरले. त्याचे सहा वाटे केले तर पाच वाटे विमानाने एकट्याने उचलले आणि त्यासाठी दिवसाचा दहावा हिस्साही घेतला नाही. उरलेल्या एका वाट्याने, म्हणजे दोन्ही टोकांच्या सव्वाशेही न भरणाऱ्या किलोमीटरांनी, बाकीचा सगळा दिवस खाल्ला. मुलीला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे विमानाने येऊन काही फायदा नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे?" मला तसे मुळीच म्हणायचे नव्हते. नागपूरच्या अजनी स्थानकाहून पुण्याला जी वंदे भारत गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, ती भुसावळ-मनमाडकडून वळसा घेत ८८१ किलोमीटर धावते आणि बारा तास घेते. वर्ध्याला ती पकडायची तरी माझे गावापासून गावापर्यंत तेरा-चौदा तास होतात. विमानाने चार तास वाचले, आणि माझ्या वयाच्या पाठीला चार तास म्हणजे पुष्कळ झाले. मला एवढेच म्हणायचे होते की विमानतळ ते विमानतळ हे अंतर खरे असले तरी विमानतळावर कोणी राहत नाही. तिच्या आणि माझ्या मधले जे अंतर आहे, ते लांबवते आणि आखडवते ती हिंगणघाटची गाडी आणि हिंजवडीचा चौक.

एका गोष्टीची मला गंमत वाटते. मोबाइलमधला आकडा दरवेळी मधलाच भाग सांगतो, कारण तोच मोजायला सोपा आहे; लॅम्बटनलाही टेकडीवरून टेकडी दिसली की काम भागत असे, मधल्या नाल्यांशी आणि पांदण रस्त्यांशी त्याला कर्तव्य नव्हते. पांदणीची मोजणी आमच्याकडे बायका करतात. मे महिन्यात मुलगी, जावई आणि नातू सुट्टीला आले, त्याच्या आदल्या दिवशी ती फोनवर आईला उड्डाणाची वेळ सांगत होती, उतरण्याची वेळ सांगत होती, विमान रात्री पावणेदहाला नागपूरला टेकणार असल्याचे सांगत होती, आणि माझी पत्नी नुसते हूं हूं करत होती. शेवटी तिने एकच गोष्ट सांगितली : जामला पोचलात की फोन करा.

त्या रात्री दहाला "उतरलो" असा संदेश आला. पत्नीने तो वाचला, मोबाइल उपडा ठेवला आणि नातवासाठी आणलेल्या दुपट्याच्या घड्या घालत बसली. कणीक मळून झाकलेली होती, आळण गॅसच्या बाजूला तयार होते. आई खाटेवरून दोनदा म्हणाली, "आले का वं?" दोन्ही वेळा तिला नाही म्हणून सांगितले. मी हिशेब मांडायला लागलो, की सामानाला वीस मिनिटे, गाडीला दहा, बुटीबोरीपर्यंत पंचवीस, तर तिने हातानेच गप्प बसवले. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. जावई बोलत होते. "आई, जाम सोडलं."

पत्नी उठली आणि तिने तवा ठेवला.